डावीकडचं विमान

सुरेंद्रच्या डोक्याला मार लागून दोन वर्षं होत आली, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी रीताला बाजूला घेऊन सांगितलं, "नवीन काही शिकवायच्या भरीस पडू नका. त्याच्या हातांना जे आधीपासून येतं ते करू द्या. डोकं विसरतं, पण हात कधीकधी विसरत नाहीत."

भद्रावतीला परतताना रीता बसमध्ये तोच विचार करत राहिली. भावाच्या हातांना काय काय येत होतं? तो फिटर होता, पण पान्हा हातात दिला तर नुसता उलटसुलट करून खाटेवर ठेवून द्यायचा. ढिवराचा पोरगा, जाळं फेकण्यात तरबेज. पण आता तळ्याचं पाणी दिसलं की अंग चोरायचा. माय, गिरजा, बाजारात मासोळ्या विकायची. तिनं घरी आणलेली मासोळीसुद्धा तो साफ करेना. सकाळचं दुपारी त्याच्या लक्षात राहायचं नाही. दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी खूप. रीता तेवीस वर्षांची, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, तो मात्र तिला अजून विचारायचा, "शाळा सुटली का?"

वरोरा मागं पडलं आणि रीताला एकदम आठवलं. विमानं.

सत्त्याण्णव साली सुरेंद्र आणि चैतू आयटीआयला होते. चैतू पार मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा गोंड मुलगा, भद्रावतीत खोली करून राहायचा आणि जेवायला मात्र यांच्याकडेच असायचा. गावातल्या पहिल्या कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांशी त्या दोघांची गट्टी होती. क्लास सुटला की मास्तर एक मशीन तासभर त्यांच्या ताब्यात द्यायचे. एका पडद्यावर दोन विमानं, खाली डोंगर आणि नदी, समोरून शत्रू. एकाच कीबोर्डवर चैतू डावीकडची बटणं सांभाळायचा, सुरेंद्र उजवीकडचे बाण. एकाचं विमान पडलं की दुसऱ्याला एकट्यानं निभावता येत नसे. तेरा वर्षांची रीता मागं उभी राहून बघायची. पुढं दोघं एकाच खाणीत कंत्राटावर लागले, तरी सुटीच्या दिवशी मास्तरांकडं जाऊन खेळायचे. मग ती मशीनं भंगारात गेली.

दोन हजार चारच्या दिवाळीआधी दोघं चंद्रपूरहून मोटारसायकलवर येत होते. गाडी सुरेंद्र चालवत होता. दिवस मावळताना झुडपातून एक रोही, म्हणजे नीलगायीचा नर, आडवा आला. चैतू जागीच गेला.

रीतानं आधी क्लासमधल्या नव्या मशीनवर तसला खेळ लावून बघितला. सुरेंद्रनं माऊस मुठीत धरला आणि पडद्याकडं न बघता खिडकीकडं बघत बसला. रीताच्या लक्षात आलं, त्याला तोच खेळ हवा होता, तोच जाड बटणांचा कीबोर्ड, तोच फुगीर काचेचा मॉनिटर.

चंद्रपूरच्या बाजारामागं अंकुशभाऊचं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान होतं. रीतानं मास्तरांकडं होतं तसलं जुनं चारशे शहाऐंशीचं मशीन मागितलं, तेव्हा त्यानं हात जोडले.

"मॅडम, ते आता कुठी भेटन? लोकायनं तांब्यासाठी, सोन्यासाठी फोडून टाकले. माह्याकडं सर्वांत जुनं म्हणजे हे पेंटियम फोर. एक सायबर कॅफे बंद पडला, त्याचे आहे."

"त्याच्यावर विंडोजच्या आधीचा, डॉसचा खेळ चालन का?"

"चालाले काय झालं? फ्लॉपीची जागा आहे. पण आवाजाचं कठीण. बोर्डावरच्या आवाजाले डॉस ओळखत नाई. जुनं साउंड कार्ड पाहा लागन."

पैसे जुळतील तसे एकेक भाग आणायला त्या हिवाळ्यात रीता दर रविवारी चंद्रपूरला जात होती. एका रविवारी बोर्ड आणि प्रोसेसर, पुढच्या रविवारी मशीनचा गंजलेला डबा. साउंड कार्ड तिसऱ्या खेपेला सापडलं. कीबोर्ड एका शाळेच्या अडगळीतून आला. त्याच्या फटींत खडूची भुकटी होती, ती तिनं ब्रशनं काढली. घरी ती जमिनीवर पोतं अंथरून भाग जोडायची आणि सुरेंद्र खाटेवरून बघायचा. एकदा तिच्या हातून स्क्रू घरंगळला, तो त्यानं उचलून दिला. गिरजा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पाह्यलं का वं? आपल्या मनानं उठला."

खेळ मात्र कुठंच मिळेना. मास्तर वारले होते. चैतूकडं फ्लॉप्या होत्या एवढं रीताला ठाऊक होतं, आणि चैतूची पेटी त्याच्या गावी गेली होती.

ती एकटीच निघाली. चंद्रपूर, आष्टी, मुलचेरा, आणि पुढं सागाच्या जंगलातून दीड तास पायी. चैतूची माय बुधरी अंगणात मोहफुलं वेचायच्या टोपल्या विणायला बसली होती. तिनं रीताला ओळखलं. पाणी दिलं. 

"बाई, चैतूच्या पेटीत काळ्या चौकोनी फ्लॉप्या असतीन," रीता म्हणाली. "भाऊसाठी पाह्यजेत."

बुधरीनं पेटी बाहेर आणली. आत एक शर्ट, आयटीआयची वही, दाढीचं सामान, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन फ्लॉप्या. पिशवी देताना तिचा हात थांबला.

"सुरेंद्रले माहा पोरगा याद हाय का?"

भाऊ वर्षभरात चैतूचं नावही बोलला नव्हता. सुरुवातीला विचारायचा, मग तेही थांबलं होतं. पण रीता म्हणाली, "हाव बाई. आहे."

"मंग ने."

एका फ्लॉपीवर बुरशी चढली होती, ती वाचता आली नाही. दुसरी चौथ्या प्रयत्नाला वाचली. रीतानं खेळ मशीनवर उतरवला आणि सुरू केला. पडदा उघडताक्षणी विमानं गोळीसारखी सुटली आणि डोंगरावर आदळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ खलास.

तिनं पीसीओवरून अंकुशभाऊला फोन लावला. तो हसला. "मशीन लय तेज आहे मॅडम. खेळ जुन्या मशीनच्या चालीवर लिहिलेला. असं करा, मशीन चालू होताना बायोसच्या सेटिंगमध्ये जा आन् कॅश बंद करा. प्रोसेसरच्या जवळची ती झटपट मेमरी गेली का मशीन लंगडते. मंग पाहा."

तिनं तसं केलं. मशीन सुरू व्हायलाच आता चहा होईल एवढा वेळ लागला. पण विमानं पडद्यावर आली ती संथ, सत्त्याण्णव सालासारखी, आणि स्पीकरमधून विमानांची ती जुनी घरघर निघाली. खाटेवरच्या सुरेंद्रनं मान वळवली.

त्याला कोणी बोलावलं नाही. तो उठला, खुर्ची ओढली आणि खुर्चीच्या उजव्या अर्ध्या भागावर बसला. बोटं बाणांवर गेली. उजवं विमान वर झालं, आडवं झालं, दोन डोंगरांच्या मधून निघालं. डॉक्टर म्हणाले ते खरं होतं. गिरजानं तोंडाला पदर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर त्याचा तो हट्टी, ओठ मुडपलेला भाव आला होता.

डावं विमान एका जागी तरंगत होतं. ते पडलं. मग सुरेंद्रचंही पडलं. त्यानं डावीकडं बघितलं.

"चैतू काऊन नाई आला?"

रीतानं मायकडं बघितलं. मग ती त्याच्याजवळ बसली आणि तिनं खरं ते सांगितलं. रोही, रस्ता, दवाखाना. तो शांतपणे ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर त्यानं विचारलं, "गाडी कोन चालवत होता?"

रीतानं त्याचा हात हातात घेतला.

"मी?" तो म्हणाला. "मी होतो का?"

त्यानंतर तो जसा रडला, तसं रीतानं कुणा मोठ्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. भिंतीवर डोकं आपटायला लागला, तेव्हा दोघींना त्याला धरून ठेवावं लागलं. दमून तो झोपला. सकाळी उठला, चहा प्यायला, मशीनकडं बघून खूश झाला आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला बसला.

"चैतू आला नाई अजून?"

या वेळी गिरजाच पुढं झाली. "गावले गेला तो. येईन."

तेच चालू राहिलं. सुरेंद्र आता बोलायला लागला होता. खाणीतल्या मुकादमाची नक्कल करायचा, चैतूला भात किती लागतो ते सांगायचा. भावाचा आवाज घरात परत आला, म्हणून रीताला क्लासमध्येही हसू यायचं. पण दुपार झाली की तो दारात जाऊन बसायचा. बसची वेळ टळली की त्याचा चेहरा उतरायचा, जेवायचा नाही. एक दिवस रीता डाव्या बाजूला बसली. तिचं विमान दोनदा पडलं.

"तुले नाई जमत," तो म्हणाला, रागानं नाही. "ते त्याचं काम आहे. तू अभ्यास कर."

माघात बुधरी आली. कुणी बोलावलं नव्हतं. सोबत वाळलेली मोहफुलं आणली होती. गिरजा तिला बघून दारातच अडखळली. पोरांचं तसं झाल्यापासून दोघींची भेट नव्हती.

सुरेंद्रनं बुधरीला ओळखलं नाही. "बसा बाई," म्हणाला आणि खेळत राहिला. ती त्याच्या डाव्या बाजूला भुईवर बसली. थोड्या वेळानं तिनं पडद्यावरच्या डाव्या विमानाकडं बोट करून विचारलं, "हे दुसरं कोनाचं हाय?"

"चैतूचं. माह्या दोस्ताचं. गावले गेला तो, मायले पाहाले. त्याची माय एकटीच राह्यते ना जंगलात. पगार झाला का तिच्यासाठी लुगडं घेतो म्हणे, हिरवं. मी म्हटलं लाल घे. आयकत नाई बुवा तो."

"अजून काय म्हणते?"

"म्हणते, मायले इकडं घेऊन येतो. खोलीत राहू म्हणते दोघं मायलेक. मी म्हटलं, तुह्या मायले इथी करमन का?" तो हसला. "आला का विचारतो त्याले."

बुधरी दोन तास तशीच बसून होती. तो सांगत होता, ती ऐकत होती. उठताना तिनं त्याच्या डोक्यावरच्या जखमेच्या जागी हात ठेवला. ज्यानं गाडी चालवली त्याच्यावर तिचा राग असेल असं रीताला दोन वर्षं वाटत होतं. बस स्टँडवर तिनं तसं विचारूनही टाकलं.

"होता," बुधरी म्हणाली. "हाय बी. पन माहा पोरगा आता त्याच्याच तोंडात जित्ता हाय. अजून कुठी नाई." बस लागली तेव्हा ती वळून म्हणाली, "त्याले खरं सांगू नोका."

तिचं ऐकल्याचं फळ पंधरवड्यात समोर आलं. एका दुपारी गिरजा बाजारात, रीता क्लासला. सुरेंद्र दारात बसून कंटाळला असावा. शेजारणीला म्हणाला, "चैतूले पाहून येतो," आणि गेला. स्टँडवर तो नव्हता, तळ्यावर नव्हता. संध्याकाळच्या आधी घोडपेठच्या अलीकडं सापडला, चंद्रपूरच्या रस्त्याला, अनवाणी. कोळशाचे ट्रक त्याच्या अंगाला वारा लावत जात होते आणि तो डांबराच्या कडेला उकिडवा बसून झुडपांकडं बघत होता. तो रोही आडवा आला ती जागा तिथून फर्लांगभरही नव्हती. तो तिथंच का थांबला, हे त्यालाही सांगता आलं नाही. तळपायांचे फोड फुटून रक्त आलं होतं.

गिरजानं पाय धुतले, हळद लावली. मग रीताला म्हणाली, "काढ ते."

"माय, तो बोलून राह्यला ना."

"बोलून राह्यला म्हणून का ट्रकखाली देऊ? मुका राहू दे. डोळ्यासमोर राहीन."

रीतानं आठ दिवस टाळाटाळ केली. खरं सांगून बघितलं, तर पुन्हा तेच रडणं आणि पुन्हा तोच प्रश्न, गाडी कोण चालवत होता. खोटं सांगितलं की तो उठून दाराकडं जायचा. तिसरा रस्ता तिला सापडला नाही. नवव्या दिवशी तिनं पोतं अंथरलं आणि मशीन उघडलं. सुरेंद्र शेजारी येऊन बसला. तिनं काढलेला एकेक स्क्रू तो तळहातावर घेत गेला. त्याला वाटलं, ती दुरुस्ती करते आहे. बोर्ड, कार्ड, मॉनिटर सगळं अंकुशभाऊच्या दुकानात परत गेलं.  फ्लॉपी तिनं पोस्टानं बुधरीच्या गावी पाठवून दिली; ती पोचली की नाही, ते कधी कळलं नाही.

तीन दिवस सुरेंद्र मशीन कुठं आहे विचारत होता. चौथ्या दिवशी रिकाम्या टेबलाकडं नुसता बघत राहिला. त्यानंतर टेबलाकडंही बघेना. दारात बसणं सुटलं, चैतूचं नाव सुटलं, आणि मुकादमाची नक्कलही सुटली. गिरजा म्हणायची, बरं झालं. पण पाटी घेऊन बाजाराला निघताना ती दारात थांबून आत कानोसा घेई, हे रीताला दिसायचं.

होळी झाल्यावर एका दुपारी तिघं जेवायला बसली होती. मासोळीचं कालवण होतं. सुरेंद्रनं दोन घास खाल्ले, थांबला, ताटाकडं बघितलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

अकरा दिवसांत त्याच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या, आणखी काही बोलेल म्हणून. त्यानं ताट थोडं पुढं सारलं. मग गिरजा उठली आणि तिनं मिठाचं मडकं आणलं.