मेणातली सिंधू

सिंधूच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. लई वेळ वाट बघून शेवटी दर्भाचा कावळा करून लावला. तेव्हापासून व्यंकटीला वाटायचं, बायको गेलीच नाही. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा. उठून बघावं, तर तवा गार.

त्यातच लातूरच्या लॅबमधून बोलावणं आलं. डॉक्टर बुद्धप्रियांनी छोटीशी डबी पुढं ठेवली.

"काका, हा ताईंच्या जठराचा तुकडा. आजारपणात तपासणीला काढून मेणात जपलेला."

व्यंकटीनं पुढं केलेला हात मागं घेतला. "म्हंजी ती अजून हितंच हाय?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ताईंच्या कॅन्सरमध्ये ते नव्हतंच. पेशी सुट्या होऊन पसरल्या, म्हणून गाठ वेळेवर दिसली नाही. ताईंची आई, मावशीही पोटानंच गेल्या. हा दोष घराण्यात असला तर तुमच्या मुलीला, पुनमलाही असू शकतो. आधी ह्यात शोधू, मग तिच्या रक्तात. वेळेत कळलं तर जठर काढून तिला वाचवता येईल."

डबी नांदेडच्या दवाखान्यात द्यायची होती, तिथून ती तपासणीला जाणार होती. लेक पुनम तिथंच वाट बघत होती. पण एसटीतून उतरून व्यंकटी थेट गोदावरीच्या घाटावर गेला. अस्थी सोडल्या तेव्हा एवढंच मागं राहिलं होतं. हे सोडलं की सिंधू सुटंल.

फोन वाजला. "अप्पा, कुठं हाव?"

"घाटावर. तुझ्या आईला सोडायलोय."

पुनम रिक्षा करून धापा टाकतच आली. बाप गुडघाभर पाण्यात, मुठीत डबी.

"येड लागलं का अप्पा? बाहेर या आधी!"

"ती अडकून पडली, पोरी. रोज घरात फिरती."

"मला बी दिसती," पुनम म्हणाली. "जेवायला बसले की पोट धरून समोर उभी राहती. तुमी तिला सोडताल. मग माझ्या पोटात काय हाय, ते मी कुणाला विचारू?"

व्यंकटीची मूठ वळलेलीच राहिली. पुनमनं हात दिला, तसा तो पायरी चढला.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईनं डबी घेतली. "तपासून उरलेलं परत पाहिजे का?"

त्याच्या विजारीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"नको," तो म्हणाला. "जपून ठेवा. पोरीला परत लागलं तर."