चौथी ओळ

झुंबरबाई गाण्याच्या चौथ्या ओळीला आल्या आणि अडखळल्या. मागे बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या. झुंबरबाईंनी समोर बसलेल्या कुंदा तायडेकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि ओळ पुरी केली. टेपरेकॉर्डर चालूच होता.

१९९२ च्या जानेवारीतली ही गोष्ट. अमेरिकेतल्या एका लुथरनपंथी ख्रिस्ती विद्यापीठाचे अकरा विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक डॉ. हॅल्वरसन तीन आठवड्यांसाठी धुळ्याच्या एका कला महाविद्यालयात आले होते. त्या विद्यापीठात साहित्य, इतिहास, धर्म यांतलं काहीतरी परक्या मुलखात राहून शिकल्याशिवाय पदवी मिळत नसे. प्राचार्य हिलाल पाटलांनी त्यांचा कार्यक्रम जातीने आखला होता. एक दिवस मारवाडी पेढी, एक दिवस मशीद, एक दिवस बुद्धविहार. गाण्यांसाठी त्यांनी नरडाण्याच्या पुढचं स्वतःचं गाव निवडलं आणि गायला स्वतःची काकू. लग्नात वरमाईला चिडवायला बायका ज्या शिव्यांची गाणी म्हणतात, त्या ‘गाया’ झुंबरबाईंसारख्या पंचक्रोशीत कुणाला येत नव्हत्या.

कुंदा महाविद्यालयात मराठी शिकवायची. नेमणूक तात्पुरती, दर जूनमध्ये नव्याने. दीपनगरच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या वडिलांनी, आधार तायडेंनी, तिला एम. ए. पर्यंत शिकवलं होतं. हॅल्वरसनांच्या विद्यापीठात वर्षभर राहून शिकायला एक जागा होती, सगळ्या खर्चासकट. अर्जाबरोबर गाण्यांचा इंग्रजी अनुवाद जायचा होता आणि अर्जावर प्राचार्यांची सही लागणार होती. महाविद्यालयातून नाव एकच ठरलं होतं, कुंदाचं. मंडळी शनिवारी सकाळी निघणार होती.

अनुवाद तिने दोन दिवसांत संपवला. चौथ्या ओळीत झुंबरबाईंनी म्हटलं होतं, ‘भूक लागनी याहीनले, जेवाले गई भिलाटीमा’. विहिणीला भूक लागली आणि ती भिलांच्या वस्तीत जेवायला गेली. कुंदाने ते तसंच उतरवलं. हात अडला नाही.

बुधवारी हॅल्वरसनांनी तिला थांबवलं. उंच, हळू बोलणारा माणूस, चहा पिण्याआधीसुद्धा प्रार्थनेला क्षणभर डोळे मिटायचा. त्यांनी टेप मागे नेऊन पुन्हा लावली.

“इथे गायिका थांबते. बायका आधी हसतात आणि ओळ नंतर येते. विनोद यायच्या आधीच का हसल्या?”

“विसरल्या असतील त्या,” कुंदा म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कुंदा वर्गावर गेली, पण शिकवताना तिचं लक्ष लागेना. कारण ती खोटं बोलली होती. मूळ ओळ तिला पाठ होती. तिचं लहानपण आजोळी, भडगावकडे गेलं होतं. गावात लग्न असलं की तिच्या वस्तीतली पोरं मांडवाबाहेर उभी राहून ऐकायची. तिथे विहीण भिलाटीत जात नसे, म्हारवाड्यात जात असे. ऐन वेळी झुंबरबाईंनी शब्द बदलला, तो समोर बसलेल्या तिच्यासाठी; मूळ शब्द ठाऊक असलेल्या बायका त्यालाच हसल्या होत्या. आणि त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. अगदी मनापासून बरं वाटलं होतं. आता ते आठवून तिला कसंतरी होत होतं.

गुरुवारी दुपारी ती एकटीच एस. टी.ने गावी गेली. झुंबरबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“ये वं पोरे! गोरा लोके कोठे गयात? माले अमेरिकाले लई जानार व्हतात ना? तठे याहीन कशी राहस, दखनी शे माले.”

“तुम्ही गेल्या तर तिथली लग्नंच बंद पडतील, अक्का.”

झुंबरबाई हसल्या, सरकून जागा दिली. कुंदा बसली. पाण्याचा तांब्या पुढे आला. त्याच तांब्यातून झुंबरबाईही प्यायल्या. मग कुंदाने विचारलं.

“अक्का, चौथी ओळ तुम्ही बदली ना?”

झुंबरबाईंचे हात थांबले. “तू समोर बसेल व्हती. तुन्हा तोंडवर कशी म्हनू? आपला घर येल पोर तू.”

“मी नसती तर?”

“तर म्हनती. पयलेपाईन तशीच शे ती. मी थोडीच रचेल शे?”

“मंग भिलाटी काबर टाकी?”

झुंबरबाईंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. एवढी शिकलेली बाई हे काय विचारते, असं.

“तठे कोन्ही भिल बसेल व्हता का?”

त्या म्हातारीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हेच तिला सोसेना. जो समोर असेल त्याला वगळायचं, जो नसेल त्याच्यावर टाकायचं. जन्मभर पाळलेली रीत. आणि त्या रीतीचा लाभ त्या दिवशी कुंदाने घेतला होता.

“मी दोन्ही शब्द लिखसू, अक्का. बदल काबर व्हयना, तेबी.”

“मी म्हनंच नही ना माय,” झुंबरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुन्हा करता गिळं मी ते. आते तूच काढशी का बाहेर?”

परतीच्या गाडीत कुंदाला तेवढंच ऐकू येत राहिलं. म्हातारीने एक मान राखला होता, तो आपण मोडतो आहोत, हे तिला कळत होतं. तरी शुक्रवारी तिने अनुवादाखाली टीप लिहिली. मूळ शब्द, बदललेला शब्द, बदलाचं कारण. शेवटी एक वाक्य घातलं: शब्द बदलला तेव्हा अनुवादिकेला बरं वाटलं होतं आणि पहिल्या मसुद्यात तिने तो निमूट उतरवला होता.

शनिवारी सकाळी ती सहीसाठी गेली. खाली अंगणात पाहुण्यांची बस उभी होती. हिलाल पाटलांनी पेन काढून ठेवलेलंच होतं. त्यांनी अर्ज चाळला, मग अनुवाद, मग टीप. टीप दोनदा वाचली.

“मॅडम, माझ्या काकूने तुम्हाला घरात बसवलं. बरोबर ना?”

“हो सर. एका तांब्यातून पाणी प्यायलो आम्ही.”

“ते नाही लिहिलं तुम्ही.”

“गाण्यात नव्हतं, सर.”

“मग म्हारवाडा तरी कुठे होता गाण्यात?” पाटलांनी कागद टेबलावर आपटला नाही, नीट ठेवला. “टेपवर भिलाटी आहे, साऱ्यांनी ऐकलंय. काकूने जे म्हटलंच नाही ते तुम्ही तिच्या तोंडी घालताय. तिकडे अमेरिकेत पोरं वाचतील, की धुळ्याकडची माणसं अशी. भिलाटीसुद्धा काढा. ‘परक्या घरी जेवायला गेली’ लिहा. टीप फाडा. मी आत्ता सही करतो. तुम्ही जावं असं मलाही वाटतं हो. आपल्या कॉलेजातून कोण गेलंय आजवर?”

“आणि बायका का हसल्या, ते?”

“हसल्या, हसल्या. बायका हसतात. पुरावा काय तुमच्याकडे, ओळ तशीच आहे याचा?”

कुंदा उभी होती. तिने टेबलाची कड धरली आणि चौथी ओळ म्हटली. वाचून नाही, चालीवर. मांडवाबाहेर ऐकलेल्या उंच, खणखणीत सुरात, म्हारवाडा हा शब्द न गाळता. दाराबाहेर शिपाई कुणाशी तरी बोलत होता, तो आत डोकावला.

पाटील खिडकीकडे वळले.

“काकू खालच्या पट्टीत म्हणते,” ते म्हणाले.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. खाली बसचा हॉर्न वाजला. कुंदाने अर्ज आणि अनुवाद गोळा केले, टीप असलेलं पान सगळ्यांत वर ठेवलं आणि सहीविनाच ती बसच्या दिशेने जिना उतरू लागली.