सिंह थांबतो ती जागा

कुरोसे गावात जत्रेत नाचणाऱ्या सिंहाच्या सोंगाला दोन माणसं लागतात, ढोलाला तीन आणि बासरीला एक. पहिली पाच मिळायची कशीबशी. घोडं अडलं ते बासरीपाशी.

गोन्शिरो हामातानीने चाळीसेक वर्षं ती वाजवली होती. मग त्याचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, तर फुंकर मारली की बासरी एक सूर काढायची आणि कवळी दुसरा. दोन्ही ऐकून सिंहाने कुठे जायचं? गोन्शिरोने बासरी पुसली, कापडात गुंडाळली आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिली. त्यानंतर न्हाव्याचा मुलगा वाजवायचा. यंदा कंपनीने त्याची बदली केली. कंपनीला सिंहाशी काय करायचंय?

सिंहनाच जतन मंडळाचे अध्यक्ष ओवाकीसान, मच्छीमार सोसायटीतून निवृत्त झालेले आणि घरी बायकोला नकोसे झालेले गृहस्थ, यांनी तोडगा काढला. गोन्शिरोची एक जुनी टेप होती, भर उमेदीतली. तिची त्यांनी सीडी करून घेतली होती, तिच्यावरून शिकवण्याचा व्हिडिओ बनवला होता, बोटं कुठे ठेवायची त्याचे आकडे छापले होते. एवढं सगळं असताना एकही शिष्य टिकला नव्हता, हा भाग वेगळा. तर त्यांचं म्हणणं असं की सीडीच लावू, भोंग्यावर. सीडीला दात लागत नाहीत आणि तिची बदलीही होत नाही.

हे ऐकून फुसाए म्हणाली, की मी वाजवते.

फुसाए गोन्शिरोची सून. सासू आणि मग नवराही गेल्यापासून घरात ती आणि म्हातारा, दोघंच. टोफूचं दुकान ती चालवायची. तिने बासरी धरलेली गावात कुणी पाहिली नव्हती, कारण बायकांनी जत्रेत वाजवायची रीत नव्हती आणि रीत नसलेली गोष्ट गावाला दिसत नाही. प्लास्टिकची स्वस्त बासरी तिने टपालाने मागवली. सोबत पुस्तिका आली, तिच्यात ओठ कसे ठेवायचे याचं चित्र होतं, ते कुठल्यातरी माशाचं वाटायचं. मोबाईलवर तोक्योच्या एका बाई शिकवायच्या, त्या फार हसायच्या. दुपारी दुकान मिटवून फुसाए बंधाऱ्यावर टोफूचा छोटा ट्रक लावायची, काचा वर करायची आणि आत बसून फुंकायची. कोळ्यांना वाटायचं, बिचारी नवऱ्यासाठी रडायला येते. त्यांनी तिला कधी त्रास दिला नाही.

पण खरी चाल तिला शिकवली ती म्हाताऱ्याने, तीही न शिकवता. कुरोसेची चाल कागदावर नसते, तोंडाने म्हणायची असते. ओह्या, हीऱ्या, तोरो-रो. गोन्शिरो जेवताना म्हणायचा, मुळ्याचं लोणचं चावताना म्हणायचा, न्हाणीत म्हणायचा. सून झाल्यापासून फुसाएच्या कानांवरून ती चाल रोज जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ओवाकीसाननी नाक मुरडलं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी समाजमंदिरात परीक्षा ठेवली. टेबलावर सीडीचं यंत्र, शेजारी गोन्शिरो, समोर फुसाए. मला हे हवंय, तिला वाटलं. इतकं काही मी कधी मागितलंच नाही.

तिने चाल सुरू केली ती एका दमात शेवटापर्यंत नेली. सूर पक्का होता. ढोलवाले एकमेकांकडे बघू लागले.

"बाई, तिसऱ्या भागातली जागा कुठे गेली?" ओवाकीसान म्हणाले.

ही जागा गावात लहान पोरालाही ठाऊक होती. तिसऱ्या भागाच्या मध्यावर बासरी एकदम थांबते. ढोल थांबतात. सिंह मान खाली घालतो आणि सगळी जत्रा हात जोडते. चांगले पाच-सहा श्वास गेले की बासरी जिथे सोडली तिथूनच पुढे निघते. पुजारीबुवा सांगायचे की त्या वेळी देव समोरून जातो. टेपवर ती जागा होती, म्हणून ढोलवाल्यांनी तशी घोटली, सिंहवाल्यांनी तशी घोटली. टेप निघाल्यानंतरच्या पहिल्या जत्रेत ढोल थांबले तेव्हा गोन्शिरोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं होतं आणि तोही थांबला होता.

फुसाए म्हणाली, की ते थांबणं सिंहाला दम खायला असतं, चालीत नाही. घरी मामंजी कधीच थांबत नाहीत. ओवाकीसान म्हणाले, की मग टेप खोटं बोलते काय? जिला जागा माहीत नाही तिला चाल माहीत नाही, सीडीच लावलेली बरी. फुसाएने बासरी खाली घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आलं याचा तिला रागही आला.

"मामंजी, तुम्हीच सांगा. चालीत थांबायचं आहे की नाही?"

गोन्शिरो चहा पीत होता. त्याने तो संपवला.

"आहे."

"झालं तर," ओवाकीसान यंत्राकडे वळले.

"तिला माहीत आहे ते," गोन्शिरो म्हणाला. "टेप भरली तेव्हा ती तिथेच होती. दाराशी. एका पायात बूट घालून."

बुटाचा काय संबंध, असं ओवाकीसाननी विचारलं. गोन्शिरोने रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

फुसाए मात्र खाली बसली.

तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा बोटीवर, सासूची जीभ दिवसभर चालू. एका दुपारी सासू बाजारात गेली तशी फुसाएने बॅग भरली. मागच्या दाराशी जाळ्यांचा ढीग होता, म्हणून पुढच्या खोलीतून निघाली. तिथे सासरा बासरी वाजवत होता. शेजारी मंडळाने ठेवलेलं टेपचं यंत्र चालू होतं, ते तिला दिसलं नाही. त्याने तिला पाहिलं, बॅग पाहिली आणि वाजवायचं थांबला. बोलला मात्र नाही. ती दाराशी गेली, एक बूट चढवला आणि दुसरा हातात घेऊन उभी राहिली. मग बूट काढला आणि स्वयंपाकघरात परत गेली. पाठीमागे चाल पुढे सुरू झाली. संध्याकाळी कुणी काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही.

टेप पुन्हा भरता आली असती. पण मग आधीची का चालत नाही, हे त्याला सांगावं लागलं असतं. पळून निघालेली सून म्हणून गावाने तिला मरेपर्यंत चघळलं असतं. त्यापेक्षा त्याने सिंहाला थांबू दिलं.

"ती वाजवेल," गोन्शिरो म्हणाला. "जागा तिची आहे."

ढोलवाल्यांनी माना डोलावल्या. कशाला डोलावल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण गोन्शिरो एका दिवसात इतकं कधी बोलत नसे. ओवाकीसाननी यंत्राची वायर गुंडाळायला घेतली.

दोघं घरी निघाले.

"त्या दिवशी काही बोलला का नाहीत?" फुसाएने विचारलं.

"बासरी तोंडाला होती."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "थांब म्हणायचा मला काय हक्क होता? आणि जा म्हणवेना."

जत्रेच्या दिवशी फुसाए देवळापुढे उभी राहून वाजवत होती. तिसऱ्या भागात ती थांबली. ढोल थांबले, सिंहाने मान खाली घातली, गावाने डोळे मिटून हात जोडले. तिने घाई केली नाही. सिंहाच्या मागच्या अंगातला पोरगा वाकून वाकून लटपटायला लागला, आत काहीतरी पुटपुटलाही. पुढे खुर्चीवर बसलेला गोन्शिरो तेवढा डोळे उघडे ठेवून होता. तो तिच्याकडेच बघत होता, काळजीने, जणू ती अजूनही जाऊ शकली असती.

तिने त्याच्याकडे बघत बासरी ओठांना लावली आणि पुढचा सूर काढला.