चार बोटं कापड

तिरिलला साधं आइस्क्रीम निवडायचं असलं तरी दुकानदार तोवर आणखी तीन गिऱ्हाइकं करून मोकळा व्हायचा. तिची आई मारित म्हणजे एक घाव दोन तुकडे. शाळेत स्वभावाची चाचणी झाली, तेव्हा लेकीच्या कागदावर आलं, की मनाला पटल्याशिवाय ही मुलगी पाऊल उचलत नाही. मारितनं तो कागद फ्रिजवर लावला आणि म्हणाली, घ्या, घोळ घालायचा आता दाखलाच मिळाला.

पण या खेपेचा घोळ आइस्क्रीमचा नव्हता. पुढच्या मे महिन्यात तिरिलच्या वर्गाचा मोठं झाल्याचा दीक्षाविधी होता, ज्याला हवा त्याला चर्चमध्ये, देवाचं नाव नको त्याला गावच्या सभागृहात. सगळ्यांनी नावं कधीच दिली होती, कुणी देवासाठी, कुणी भेटवस्तूंसाठी. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभं राहून म्हणायचं, माझी श्रद्धा आहे. ती आहे की नाही हेच तिरिलला अजून कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय तसं म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. त्यात बोर्गहिल्ड आजीच्या चार पिढ्या त्याच चर्चमध्ये उभ्या राहिलेल्या. दोन वर्षं आजी त्या विधीसाठी नातीचा बुनाड शिवत होती, सणासुदीला मिरवायचा लोकरीचा भरतकामाचा पोशाख. नाही म्हटलं तर आजीचं मन मोडणार, हो म्हटलं तर स्वतःचं.

नावं द्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती आजीकडे गेली. आजीनं वाफल केले आणि वर जाम घातला. दुसरा वाफल तसाच ठेवून तिरिल म्हणाली,

"आजी, मला यंदा ते शब्द म्हणता येणार नाहीत. सभागृहातही नाव देणार नाही. माझं अजून ठरलंच नाहीये."

आजीनं हात पुसले, आतून बुनाड आणला आणि घेराची कड उलटी करून दाखवली. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

"तुझ्या आईचा मी मापात शिवला होता. तुझ्यात मुद्दाम जास्त ठेवलं. म्हटलं, ही बया ठरवेपर्यंत वीतभर उंच होईल."

तिरिल हसायला गेली आणि रडली.

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. खोटं कशाला बोलू? पण चौदाव्या वर्षी मी ते शब्द घाईघाईत म्हटले, कारण केक सांगून ठेवला होता. अर्थ कळायला चाळिशी उलटली. तू आधी अर्थ बघतेस, एवढंच."

मग आजीनं टाचण्या तोंडात धरल्या आणि नातीला स्टुलावर उभं केलं. सतरा मेच्या राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीला बुनाड घालायला काही दीक्षा लागत नाही, असं ती टाचण्यांमधूनच पुटपुटली. कड तिनं कच्च्या टाक्यांनी घातली, पुढे कधीही उसवता येईल अशी.