बाबांचा राहिलेला कोर्स

सिंदीजवळच्या आमच्या गावाच्या नाल्यात माणसांची नि कोंबड्यांची औषधं वाहत येतात. ती अडवायला मी पऱ्हाटीच्या कोळशाच्या पोत्यांचा बांध घातला आहे. कापूस निघाला की लोक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून टाकतात. तीच भट्टीत कमी हवेत भाजली, तर तिचा कोळसा पाण्यातलं औषध धरून ठेवतो. गाव हसलं. हसू दे. माझे बाबा वासुदेवराव पायाच्या जखमेनं गेले, एकही अँटिबायोटिक त्यांना लागू पडलं नाही.

चूक त्यांचीही होती. जरा बरं वाटलं की गोळ्या फळीवर. शेवटी दवाखान्यातही मी आईसमोर त्यांच्यावर ओरडले, "कोर्स अर्धवट सोडू नका म्हणून किती वेळा सांगितलं!" तेच आमचं शेवटचं बोलणं. त्याची मला अजून लाज वाटते.

मार्चमध्ये नाला आटून डोहाएवढा राहिला आणि बांधाच्या वरच्या पाण्याच्या नमुन्यांत औषध वाढू लागलं. मी कोंबड्यांच्या शेडवाल्या मुकेशशी कडकडून भांडले. बिचाऱ्यानं औषधांचं कपाट उघडून दाखवलं, तरी माझा विश्वास बसेना. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

एका सकाळी पाण्याचा नमुना घ्यायला गेले, तर बांधाच्या वरच्या अंगाला डोहाच्या काठी आई उभी. बांध घालण्याआधी तिथूनच आम्ही बाबांच्या अस्थी खाली वाहत्या पाण्यात सोडल्या होत्या. तिनं एक कॅप्सूल कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली.

"आई, काय करून राह्यली?"

"तूच तं म्हनत होती, कोर्स अर्धवट सोडू नका. त्यायच्या एक्केचाळीस राह्यल्या होत्या. रोज न्याहारीच्या टाइमले एक देतो."

मला रागावता येईना. "किती उरल्या?"

"दोन."

मी तिला समजावलं. हे पाणी ढोरं पितात, खालच्या विहिरीत झिरपतं. औषध असं थोडं थोडं मिळालं की जंतू त्याला सरावतात, आणि मग आणखी कुणाचा बाबा जातो. तिनं दोन्ही कॅप्सूल माझ्या हातावर ठेवल्या. मग बांधाकडे बोट दाखवलं.

"समीक्षा, तुह्या कोळशातून औषध पलीकडं जात नाई ना?"

"नाई आई, सारं धरून ठेवते." सवयीनं, अभिमानानंच बोलून गेले.

आई खाली बसली.

"मंग त्यायले एकबी भेटली नसन."