टर्बोला हवं होतं एक मिनिट

मी एक जुना टर्बो आहे, मित्रांनो. नारळाएवढा, आणि जन्मापासून लोखंडी कवचात कोंडलेला. इंजिनाचा तापलेला धूर माझं चक्र फिरवायचा आणि मी इंजिनात जास्तीची हवा कोंबायचो. मिनिटाला लाखभर फेरे! बाहेर पडायला दार नाही. आधार एकच, तेलाची बारीक धार. ती चालू असेपर्यंत मी कुणाच्या बापाला भ्यालो नाही.

आमच्या बाई परिचारिका. टेकडीवरच्या दवाखान्यात रोज जायच्या. चढ असा, की भल्याभल्यांची फेफे उडावी. "काय दमदार गाडी आहे गं तुझी," असं त्यांची बहीण म्हणाली, की मी फुशारून जायचो.

पण वर पोचताच बाई चावी फिरवायच्या. खट्! वडिलांची शिकवण होती, "गाडी थांबली की इंजिन बंद. उगाच इंधन जाळू नये." त्यांच्या जुन्या गाडीला ते चालायचं, तिच्यात टर्बो नव्हता. मी मात्र लालबुंद, आणि तेलाची धार बंद. उरलेलं तेल माझ्या अंगातच जळून काजळी व्हायचं. सांगणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"बाबा, हल्ली गाडीतून शिट्टी कसली वाजते?" बाईंनी एकदा वडिलांना विचारलं.

"गाडी आहे, वाजणारच," म्हातारबा म्हणाले. मला भारी राग आला. ती माझ्या कण्हण्याची शिट्टी होती!

एका सकाळी तेच म्हातारबा मागच्या सीटवर छाती धरून बसले होते. बाईंनी जीव खाऊन गाडी दामटली आणि अर्ध्या चढावर मी जाम झालो. फार लाज वाटली हो. गाडी रांगत रांगत वर गेली. वेळेवर पोचलो, हे नशीब.

दवाखान्यासमोरच्या मेकॅनिकनं मला खोलून काजळी दाखवली. "बाई, तेल वेळेवर बदललंत, उत्तम केलंत. पण चढ चढून आल्यावर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. यालाही दम खाऊ द्या की."

बाईंनी मान डोलावली. वडिलांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

आता मी त्याच मेकॅनिकच्या गॅरेजच्या खिडकीत पडून आहे. येणारा-जाणारा बोट लावून बघतो, मी फिरत नाही. मित्रांनो, रोज राबणाऱ्याला थांबतानाही जपावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा.

काल म्हातारबा तपासणीला आले. गाडी खिडकीखालीच थांबली. सवयीनं बाईंचा हात चावीकडे गेला. म्हातारबांनी तो हळूच धरला.

"थांब पोरी. मेकॅनिककडून कळलं मला. मी चुकीचं शिकवलं होतं."

दोघं गाडीतच बसून राहिली. आत नवा टर्बो शांत होत होता. ते अख्खं मिनिट मी मोजलं.