रेम्बेर्तोची शिडी

“आणि शिडी?” झुल्मावहिनीने विचारलं.

गेलेल्या माणसाच्या नावाने करतात त्या पावाच्या बाळाला आई चेहरा चिकटवत होती. मातीचे ते रंगवलेले, गुलाबी गालांचे चेहरे बाजारात ढिगाने मिळतात, पण आई एकेक उचलून उजेडात धरणार, नाक मुरडणार आणि मगच पिठात दाबणार. वहिनीचं बोलणं तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. आईला ऐकू आलं नाही की समजावं, तिने सगळं ऐकलंय.

आमच्या एल आल्तो शहरात सर्व संतांच्या सणाआधी भट्टीवर जागा मिळायला नशीब लागतं. फाकुन्दोकाकांची भट्टी आमची दरवर्षीची, म्हणून निभावतं. सकाळपासून आम्ही तिघी पीठ तिंबत होतो. साखर, अंडी, लोणी, बडीशेप, सगळं आईच्या हातच्या अंदाजाने. लहानपणी याच टेबलाशी मी आणि माझा भाऊ रेम्बेर्तो पिठाचे घोडे करायचो. त्याचा घोडा हमखास डुकरावर जायचा, आणि भाजायच्या आधीच तो त्याचं डोकं खाऊन टाकायचा. आता घोडे त्याच्यासाठीच करायचे होते. धुक्यात त्याची मिनीबस दरीत गेली, त्यानंतरचा हा तिसरा सण.

आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी तीन वर्षं खास मेज मांडतात. एक नोव्हेंबरला दुपारी बाराला तो येतो, दुसऱ्या दिवशी बाराला जातो. तिसऱ्या वर्षी मात्र त्याला निरोप द्यायचा. मग तो बाकीच्या पितरांतला एक होतो, आणि बायकोच्या अंगावरचे काळे कपडे उतरतात. वर चढून जायला त्याला पावाची शिडी लागते. शिडीवाचून मांडलेलं मेज मी तरी कधी पाहिलेलं नाही.

“पीठ संपलं,” आई म्हणाली.

वहिनीने परातीवरचं फडकं उचललं. चांगला मोठा गोळा होता खाली.

“ते राहू दे. प्रार्थनेला येणाऱ्यांना बिस्किटं लागतात.”

“घोड्यांची अख्खी पलटण झाली आई, आणि शिडीपुरतं पीठ नाही?” मी हसत म्हटलं.

“तुला कुणी विचारलं गं देल्फिना? मोजे विकणारीने मोजे विकावेत.”

वहिनी हसली नाही. हात पुसत म्हणाली, “शिडी नसली तर ते जाणार कसे?”

“नाही गेला तर? कुणाच्या ताटातलं खातो तो?” आईचा आवाज चढला. “घाई तुला झालीय सूनबाई. काळा रंग टोचायला लागला का? कोण थांबलंय तुझ्यासाठी?”

भट्टीसाठी रांगेत थांबलेल्या बायकांनी नजर वळवली. कुणी पिठाकडे बघायला लागली, कुणी छपराकडे. वहिनी उलटून बोलणाऱ्यातली नव्हे. मला वाटलं, आता ही रडत निघून जाणार.

“मला नाही आई, त्यांना घाई झालीय,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी येतात. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसतात. बूट ओले असतात. आत या म्हटलं तर येत नाहीत, जा म्हटलं तर जात नाहीत. पहिल्या वर्षी मला बरं वाटायचं हो. सोबत वाटायची. आता बघवत नाही. थकलेत ते.”

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी चारचौघांत कितीदा सांगितलंय. पण गेल्या हिवाळ्यात तिन्हीसांजेला तिच्याकडे गेले होते, तेव्हा उंबरा ओलांडताना तिने माझा दंड धरला होता आणि म्हणाली होती, “जरा बाजूने.” मला वाटलं, पाणी सांडलं असेल.

आई आता भट्टी डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री होती. पण ती पिठाच्या पोत्यावर मटकन बसली.

“तुझ्याकडे येतो?”

“हो.”

“रोज?”

“बहुतेक.”

“माझ्याकडे एकदासुद्धा आला नाही,” आई म्हणाली. “दिवा ठेवते, शेंगदाण्याचं सूप करते, दार लोटून ठेवते नुसतं. स्वप्नातही नाही गं. मला वाटलं, वाट चुकला असेल. म्हटलं, शिडीच केली नाही तर कुठं जाईल? राहील इथंच. फिरत फिरत येईल कधीतरी माझ्या दारात.”

बाजारात बटाटे विकून या बाईने आम्हाला वाढवलं. तिला भांडताना पाहिलंय, घासाघीस करताना पाहिलंय. कुणापुढे हात पसरताना कधी पाहिलं नव्हतं. मला रेम्बेर्तोचा इतका राग आला की समोर असता तर मुस्काटात मारली असती. दोन गल्ल्या अलीकडे तर आईचं घर. एकदा यायला काय झालं होतं त्याला?

“दिसतो कसा?” आईने विचारलं.

“तसेच. जरा बारीक झालेत.”

“बसतो कसा?”

“उजवा पाय लांब करून.”

“गुडघा,” आई म्हणाली. “फुटबॉलमध्ये मोडून घेतला होता मेल्याने. कधी धड बसलाच नाही तो.”

मग ती उठली. परातीतला गोळा घेऊन तिने दोन लांब वळ्या केल्या आणि त्यांच्यामध्ये पायऱ्या घालायला लागली. एकीला चिकटून दुसरी, दुसरीला चिकटून तिसरी. फाकुन्दोकाका फावडं टेकवून बघत राहिले.

“निकासियाबाई, इतक्या जवळ नका घालू. पीठ फुगलं की सगळ्या एक होतील.”

“त्याला लांब पाऊल टाकता येत नाही.”

“अहो, पण फळी होईल तिची!”

“होऊ दे. तुम्ही भाजा.”

आणि फळीच झाली. भट्टीतून निघाली ती सोनेरी, गुळगुळीत, पायऱ्यांच्या जागी नुसत्या रेघा. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वहिनीने ती आपल्या काळ्या शालीत गुंडाळली आणि तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून आईच्या घरी आणली. मेजावर उसाच्या दोन कांड्यांमध्ये आम्ही ती उभी केली.

दोन तारखेला दुपारचे बारा वाजत आले तेव्हा आईचं घर माणसांनी भरलं होतं. प्रार्थना म्हणणारे घसा साफ करत होते, पाव वाटायला टोपल्या तयार होत्या. आणि आईचा पत्ता नाही. वहिनीही नाही. मी तशीच धावत सुटले.

आई वहिनीच्या उंबऱ्यावर बसली होती, एका कडेला, अंग चोरून. वहिनी आत दाराला टेकून उभी होती.

“अगं, तिकडे सगळे खोळंबलेत! मेज कोण उचलणार?”

“तिकडे नुसता पाव आहे,” आई म्हणाली. “तो इथून निघणार.” मग मागे न बघता तिने हळूच विचारलं, “आलाय का गं?”

वहिनीने आईच्या शेजारच्या मोकळ्या दगडाकडे बराच वेळ पाहिलं. खरं काय ते तिचं तिला ठाऊक. मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही.

“आलेत,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच बघताहेत.”

आईने घाईघाईने डोक्यावरची गोल टोपी सरळ केली, वेण्या पुढे घेतल्या आणि त्या बाजूला तोंड करून बसली. चर्चची घंटा वाजायला लागली.